डोळे चांगले, तरी नजर ठरेना

बाळ दोन महिन्यांचं झालं की घरातली म्हातारी माणसं एक गोष्ट हमखास बघतात. नजर ठरायला लागली का? आई समोर आली की बाळ तिच्या चेहऱ्यावर डोळे रोखतं का, खुळखुळा एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला की डोळे मागोमाग जातात का? बहुतेक घरांत उत्तर मिळतं आणि विषय संपतो.

काही घरांत तो संपत नाही. बाळ आईकडे बघत नाही, पण खिडकीतल्या उजेडाकडे आणि छताला फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहतं. आईच्या बांगड्या वाजल्या की हसतं, पण ती आवाज न करता समोर उभी राहिली तर ती तिथे नाहीच. "होईल हळूहळू," असं म्हणण्यात आणखी दोन-चार महिने जातात. मग कधीतरी डोळ्यांचा डॉक्टर गाठला जातो. तो थेंब घालून, बॅटरीच्या उजेडात नीट तपासतो. बुबुळ स्वच्छ, मोतीबिंदू नाही, आतला पडदा ठीक. "डोळे चांगले आहेत," हे वाक्य ऐकून आईबाप आनंदाने दवाखान्यातून बाहेर पडतात आणि घरी पोचेपर्यंत गोंधळात पडतात. डोळे चांगले, तर मग हे बघत का नाही?

डॉक्टरांचं वाक्य खरं असतं आणि आईची शंकाही खरी असते. दोष डोळ्यांत नसून डोळ्यांमागच्या मेंदूत असतो. वैद्यकात त्याला ‘सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट’, थोडक्यात सीव्हीआय, म्हणतात. मराठीत मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणता येईल. प्रगत देशांत लहान मुलांच्या दृष्टिदोषाच्या प्रमुख कारणांत आज तो गणला जातो. भारतातही, अशक्त आणि आजारी नवजात बाळं पूर्वीपेक्षा अधिक वाचू लागल्यापासून, मोठ्या नेत्ररुग्णालयांच्या बालविभागात अशी मुलं नेहमी दिसू लागली आहेत. पालघर जिल्ह्यासारख्या ठिकाणी मात्र हे नाव गावापर्यंत पोचलेलं नाही. तिथे मुलाला पोचतात ती दुसरी नावं: आळशी, मंद, वेंधळा, ढोंगी.

केंद्र चालू, पाड्यावर अंधार

याच जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून वीज तयार होते. पण केंद्र चालू आहे म्हणून पाड्यावरचा दिवा लागेलच असं नाही. मधली वाहिनी, उपकेंद्र, खांब, घरातली वायर असं सगळं शाबूत लागतं. दृष्टीचंही तसंच आहे. डोळा प्रकाश पकडतो आणि त्याचे संदेश करून मागे पाठवतो. ते संदेश मेंदूच्या आतल्या पांढऱ्या तंतूंतून डोक्याच्या अगदी मागच्या भागात पोचतात आणि तिथून पुढे त्यांच्या दोन वाटा होतात. एक वाट खालून कानशिलाच्या बाजूला जाते. समोर काय आहे, कोण आहे, हे ती ओळखते. दुसरी वाट वरून जाते. वस्तू कुठे आहे, किती लांब आहे, तिच्यापर्यंत हात कसा न्यायचा, गर्दीतून नेमकं काय निवडायचं, हे तिचं काम. लेस्ली अंगरलायडर आणि मॉर्टिमर मिश्किन या अमेरिकी संशोधकांनी १९८२ मध्ये या दोन वाटांची मांडणी केली. या रस्त्यावर कुठेही इजा झाली तरी दृष्टी बिघडते. कुठे इजा झाली त्यावर बिघाड कसा असेल ते ठरतं.

बोईसर-तारापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला अणुभट्टी आणि एमआयडीसीची धुराडी आठवतात आणि असं काही ऐकलं की बोट आधी तिकडे जातं. पण या दोषाची नोंदलेली कारणं बहुतेक वेळा बाळंतपणाच्या खोलीत किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सापडतात. बाळंतपण अडलं, बाळ जन्मल्याबरोबर रडलं नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, हे भारतातलं सर्वांत ठळक कारण. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही तेच पुढे आलं. पाश्चात्त्य देशांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रमाण त्यात मोठं असतं. त्यांच्या मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचे कोवळे तंतू दुखावतात. आपल्याकडे पूर्ण दिवसांची, वजनाने बरी बाळंही यात सापडतात.

दुसरं कारण साधं वाटतं, पण घातक आहे. नवजात बाळाच्या रक्तातली साखर फार खाली गेली आणि तशीच राहिली, तर इजा मुख्यतः मेंदूच्या मागच्या भागाला होते आणि दृष्टीचं केंद्र नेमकं तिथेच आहे. पहिल्या तासात आईचं दूध पाजायला सांगतात, बाळाला उघडं न ठेवता आईच्या छातीशी ऊब द्यायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. याशिवाय मेंदूज्वर, डोक्यात पाणी साठणं, डोक्याला मार, आणि आकडी. चार ते आठ महिन्यांच्या सुमाराला बाळ दचकल्यासारखं पुन्हापुन्हा अंग आवळून घेऊ लागलं, आधी हसत-बघत असलेलं बाळ बघेनासं झालं, तर ते ‘पोटात दुखत असेल’ म्हणून सोडून देण्यासारखं नसतं. ही एक विशिष्ट प्रकारची आकडी असू शकते. तिच्यावर लवकर उपचार झाले तर हरवलेली नजर परत येऊ शकते.

जव्हार-मोखाड्यातल्या रस्ता नसलेल्या पाड्यांवरून गरोदर बाईला डोलीत घालून खाली आणावं लागल्याच्या बातम्या पावसाळ्यात येत राहतात. आई-बाळ वाचलं की बातमी संपते. त्या उशिराची किंमत बाळाच्या मेंदूने किती मोजली, हे कळायला पुढे महिने, कधी वर्षं लागतात.

रणांगणावरून आलेला नकाशा

डोळा धड असून माणसाला दिसत नाही, ही गोष्ट वैद्यकाला नीट कळली ती युद्धामुळे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात बंदुकीच्या गोळ्या लहान आणि वेगवान झाल्या होत्या. कवटीतून आरपार जाऊनही काही सैनिक वाचत. तात्सुजी इनोये या जपानी नेत्रतज्ज्ञाने गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि सैनिकाला नजरेच्या कोणत्या भागात दिसत नाही, हे ताडून पाहिलं. १९०९ मध्ये त्याने मेंदूतला दृष्टीचा नकाशा मांडला. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स यांनी तो अधिक बारकाईने काढला. त्याच युद्धातल्या जखमींना तपासताना जॉर्ज रिडक यांना १९१७ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आंधळ्या झालेल्या भागात स्थिर वस्तू दिसत नव्हती, पण ती हलली की सैनिकाला जाणवत होती.

पंख्याकडे बघणारं बाळ आणि समोर स्थिर उभी असलेली आई, हे कोडं इथे थोडं सुटतं. या दोषाच्या अनेक मुलांना हलणारी, चमकणारी वस्तू आधी दिसते. त्यात बाळाचा हट्ट किंवा खोड काही नसते.

सैनिक आणि बाळ यांत एक मोठा फरक मात्र आहे. सैनिकाने पंचवीस वर्षं जग पाहिलेलं होतं. काय हरवलं ते तो सांगू शकत होता. बाळाने पाहणं मुळात कधी शिकलेलंच नसतं. त्याच्यासाठी जग असंच आहे. म्हणून सात-आठ वर्षांचं हुशार मूलसुद्धा ‘मला नीट दिसत नाही’ अशी तक्रार करत नाही. दुसऱ्यांना कसं दिसतं, हे त्याला ठाऊक नसतं.

न बोलणाऱ्याला विचारायचं कसं

तपासणीची सुरुवात डोळ्यांपासूनच करावी लागते. मेंदूचा दोष आहे म्हणून डोळे निर्दोष असतात असं नाही. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाल बिघडलेल्या, अनेक मुलांना चष्म्याची गरज असते, तिरळेपणा असतो, काहींना जवळचं स्पष्ट दिसण्यासाठी वेगळं भिंग लागतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आतला पडदाही खराब झालेला असू शकतो. डोळ्यांचं जेवढं आहे तेवढं आधी बाजूला काढायचं. त्यानंतरही दिसण्यातली अडचण उरत असेल, आणि ती डोळ्यांच्या दोषाने समजत नसेल, तर शोध मेंदूकडे वळतो.

पण एक वर्षाच्या बाळाला अक्षरांचा तक्ता काय कामाचा? इथे एक साधी गोष्ट उपयोगी पडते. कोऱ्या पृष्ठापेक्षा नक्षीकडे बाळ आधी बघतं. अमेरिकेतल्या डेव्हिडा टेलर यांच्या नावाची कार्डं यावरच बेतलेली आहेत. करड्या रंगाच्या लांबट कार्डावर एका बाजूला काळे-पांढरे पट्टे. बाळाची नजर तिकडे गेली तर पट्टे त्याला दिसले. मग पट्टे बारीक करत जायचे. ज्या कार्डावर नजर दोन्हीकडे भटकू लागते, तिथे त्याच्या दृष्टीची सीमा. फिनलंडच्या डॉ. लेआ ह्युव्हारिनेन यांनी मुलांसाठी सफरचंद, घर, गोल आणि चौकोन अशा चार चित्रांची चाचणी १९७६ मध्ये तयार केली. फिकट होत जाणाऱ्या हसऱ्या चेहऱ्याची कार्डंही त्यांचीच. काळ्या रेषांचा चेहरा ओळखणारं मूल फिकट चेहऱ्यापाशी अडतं, तेव्हा आईचं हसू त्याला का पोचत नाही ते कळतं. गव्हाळ चेहऱ्यावरचं हसू म्हणजे फिकट रेषाच असतात.

नजरेचं क्षेत्रही बघावं लागतं. एक जण समोरून मुलाचं लक्ष धरून ठेवतो, दुसरा मागून हळूच एखादं खेळणं कडेने आत आणतो. मूल कोणत्या बाजूने वळतं आणि कोणत्या बाजूने वळतच नाही, त्याची नोंद होते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत खालचा भाग न दिसणं विशेष आढळतं. असं मूल समोरच्याशी नीट बोलतं आणि पायाखालच्या पायरीवर धडपडतं.

एक चाचणी तर पोस्टाच्या पेटीची आहे. तबकडीत एक फट असते, ती हवी तशी फिरवता येते. मुलाने हातातलं कार्ड फटीत टाकायचं. नंतर, टाकायचं नाही, लांबूनच कार्ड फटीसारखं तिरकं धरून दाखवायचं. ही कल्पना एका प्रसिद्ध रुग्णावरून आली. १९८८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने मेंदूला इजा झालेली एक स्त्री, वैद्यकीय लेखनात डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, फट आडवी आहे की उभी हे सांगू शकत नव्हती. पत्र टाक म्हटलं की मात्र तिचा हात अचूक वळत असे. डोळ्यांचं ओळखणं आणि हाताचं बघणं वेगळं असू शकतं. मुलांमध्ये दोन्ही दिशांचे बिघाड सापडतात.

एमआरआय काढला जातो, डोक्याच्या मागे तारा चिकटवून मेंदूपर्यंत संदेश पोचतो का तेही मोजता येतं. ही माहिती मोलाची आहे, पण पुरेशी नाही. एमआरआयचं चित्र इजा कुठे झाली ते सांगतं, मुलाला काय दिसतं ते सांगत नाही. चित्र वाईट आणि मूल बरं बघतंय, चित्र जवळजवळ ठीक आणि मूल अडखळतंय, असं दोन्ही घडतं.

त्यात या मुलांची नजर दिवसभर सारखी नसते. भूक, झोप, आवाज, गर्दी, आकडीची औषधं, साध्या थकव्यानेही ती मंदावते. बोईसरहून परळच्या रुग्णालयात जायचं म्हणजे शंभरेक किलोमीटरचा प्रवास. पहाटेची गाडी, विरारपुढची गर्दी, मग केसपेपरची रांग. बाळाचा नंबर लागतो तोवर ते झोपलेलं किंवा रडून दमलेलं असतं. त्या दहा मिनिटांत ते जे दाखवतं, ती त्याची सर्वांत वाईट नजर असते. म्हणून अनुभवी तपासनीस एका भेटीवर शिक्का मारत नाहीत. घरच्यांना विचारतात, मोबाइलवरचं घरातलं चित्रीकरण मागतात, पुन्हा बोलावतात.

घरच्यांना काय विचारायचं, यावर ग्लासगोचे बालनेत्रतज्ज्ञ गॉर्डन डटन यांनी आयुष्यभर काम केलं. आईबापांच्या गोष्टी ऐकत त्यांनी प्रश्नावली घडवली. त्यातले अगदी मोजके प्रश्न आपल्या घरात असे येतील: जिना उतरताना मूल चाचपडतं का? पळणारी मांजर, पिल्लू त्याच्या नजरेतून निसटतं का? ‘तो बघ लांब बैल’ म्हणून बोट दाखवलं तर सापडतो का? धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून स्वतःचा सदरा काढता येतो का? फळ्यावरचं उतरवून घ्यायला फार वेळ लागतो का?

या प्रश्नांत तक्त्यावरचे ६/६ आणि ६/१८ हे आकडे कुठेच नाहीत. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारं मूलही यातल्या चार गोष्टींत अडखळू शकतं. शाळेतली नजरतपासणी त्याला पास करते आणि दुसऱ्या दिवशी मास्तर त्याला वेंधळा म्हणतात. इंग्लंडमधल्या साध्या प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या एका पाहणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, ३.४ टक्के मुलांत मेंदूशी संबंधित अशी निदान एक दृष्टीची अडचण आढळली. तीस मुलांच्या वर्गात सरासरी एक.

प्रतवारी कशाने लावायची

एकाच नावाखाली इतकी वेगवेगळी मुलं येतात की वर्गीकरण अटळ ठरतं. कसं करायचं यावर मात्र तज्ज्ञांत दीर्घ वाद आहे. पहिला वाद नावातच. अमेरिकेत मेंदूच्या बाहेरच्या थरावरून ‘कॉर्टिकल’ म्हणण्याची रीत पडली. युरोपात, इजा आतल्या तंतूंतही असते म्हणून, ‘सेरेब्रल’ हा व्यापक शब्द रुळला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२४ मध्ये कामचलाऊ व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यात दोन्ही शब्द शेजारी ठेवले आहेत. व्याख्येचं सार असं: मेंदूच्या बिघाडामुळे दृष्टीच्या कामात अडथळा येतो, तो डोळ्यांच्या दोषाने समजावा त्याहून जास्त असतो, आणि त्याचं रूप मुलागणिक बदलतं.

डटन यांच्या मांडणीत ढोबळ तीन गट आहेत. पहिल्यात जवळजवळ काहीच न दिसणारी मुलं, बहुतेकांना इतरही मोठी अपंगत्वं. दुसऱ्यात कामापुरती दृष्टी असलेली, पण समज आणि शिक्षण मागे राहिलेली. तिसऱ्यात वर्गाच्या बरोबरीने शिकू शकणारी, दृष्टीच्या बारीक अडचणींवर रोज मात करणारी. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मुलांच्या चाचण्यांचे निकाल एकत्र मांडून पाहिले, तेव्हा त्यांनाही तीन घोळके दिसले. एकात ओळखण्याच्या आणि हात-डोळ्यांच्या मेळाच्या निवडक अडचणी, दुसऱ्यात त्याच अधिक तीव्र आणि पसरलेल्या, तिसऱ्यात त्यांच्या जोडीला नजरही बरीच कमी.

शिक्षकांत सर्वाधिक वापरली जाते ती अमेरिकेच्या क्रिस्टीन रोमन-लँट्झी यांची पद्धत. ती दहा लक्षणं बघते. विशिष्ट रंगाची ओढ, हालचालीची गरज, दाखवल्यावर बघायला लागणारा वेळ, नजरेच्या ठरावीक बाजू, गजबजाटाचा त्रास, उजेडाकडे टक लावणं, लांबचं न दिसणं, पापणी मिटण्याच्या क्रियेतला फरक, नव्या वस्तूकडे पाठ, आणि बघत-बघत हात न नेणं. शून्य ते दहा गुण आणि तीन टप्पे. पहिल्या टप्प्यात मूल नुसतं बघायला लागावं ही धडपड, दुसऱ्यात बघून काही करावं, तिसऱ्यात बारकावे. या पद्धतीवर आक्षेपही आहेत. प्रत्येक मूल याच जिन्याने चढतं असं नाही, आणि डटन यांच्या तिसऱ्या गटातलं, नजर चांगली असलेलं मूल या दहा लक्षणांत नीट पकडलं जात नाही.

गजबजाट हा शब्द डहाणूकडच्या वाचकाला एका चित्राने कळेल. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेलेली वारली चित्रकला म्हणजे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे आकार. भिंतीवर एकटाच तारपावाला काढला तर तो गडद पार्श्वभूमीवर ठसठशीत उठून दिसतो. दुसऱ्या टप्प्यातल्या मुलाला तो सापडण्याची शक्यता बरीच. तोच तारपावाला नाचणाऱ्यांच्या वेटोळ्यात, झाडं, बैल, झोपड्या यांच्यामध्ये ठेवला की मुलासाठी भिंतीवर नुसत्या पांढऱ्या रेघा उरतात. आकार तेवढाच, रंग तोच. बदलली ती फक्त गर्दी.

प्रतवारीचा उपयोग इथे होतो. अंक फाइलीत पडून राहण्यासाठी नसतो, उद्या सकाळी काय बदलायचं ते त्यावरून ठरतं. या दोषावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. पण वाढत्या मेंदूत नव्या जोडण्या होत राहतात आणि बरीच मुलं योग्य सवयीने अधिक बघू लागतात. पहिल्या टप्प्यातल्या बाळासाठी चाळीतली एक खोली पुरते: काळी किंवा गडद चादर, तिच्यावर एकच लाल किंवा पिवळी वस्तू, टीव्ही बंद, वस्तू हळू हलवायची आणि मग गप्प बसून थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेक मोठी माणसं तिसऱ्या अंकालाच दुसरी वस्तू पुढे करतात आणि बाळाची सुरू झालेली नजर तुटते. जेवताना स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी आणि तीत पांढरा भात, हे या मुलासाठी जवळजवळ रिकामं ताट असतं. गडद रंगाच्या थाळीत तोच भात दिसू लागतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, वाचताना एकच ओळ दिसेल अशी पुठ्ठ्याची खिडकी, गणिताच्या पानावर एका वेळी एकच उदाहरण, बाजारात आईचा हात आणि तिच्या ओळखीच्या रंगाची ओढणी. खर्च फारसा नाही. कोणत्या मुलाला यातलं काय लागू, ते कळायला तपासणी लागते.

कायद्याची फूटपट्टी आणि पाड्यावरची गाडी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. अंधत्व आणि अल्पदृष्टी त्यांत आहेतच. पण दोन्हींची व्याख्या दोन मोजमापांवर उभी आहे. चांगल्या डोळ्याची नजर, चष्मा लावून, ३/६० पेक्षा कमी असेल किंवा नजरेचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. ६/१८ पासून ३/६० पर्यंत नजर, किंवा ४० ते १० अंशांचं क्षेत्र, म्हणजे अल्पदृष्टी. ज्या मुलाला कपड्यांच्या ढिगात सदरा सापडत नाही, वर्गमित्राचा चेहरा ओळखू येत नाही, पण तक्ता वाचता येतो, ते या फूटपट्टीवर उभंच राहत नाही. सेरेब्रल पाल्सी सोबत असेल तर त्या नावाने दाखला मिळतो, पण त्या दाखल्यात दृष्टीचा उल्लेख असेलच असं नाही, आणि मग शिकवणाऱ्याला तो कळत नाही. डोळ्याला डोळा न भिडवणारं मूल कधी स्वमग्न ठरतं. स्वमग्नता आणि हा दृष्टिदोष एकत्रही असू शकतात, म्हणून तर नजर आधी तपासायची.

मुंबईत अशा मुलांसाठी दारं आहेत. परळचं १९२९ चं वाडिया बालरुग्णालय, वरळीची राष्ट्रीय अंधजन संघटना, बेरोझ वाचा यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली बधिरांध मुलांसाठीची हेलन केलर संस्था, बालविकासाच्या क्षेत्रात २००१ पासून काम करणारं उम्मीद. पण मोखाड्याच्या पाड्यावरून तिथे पोचायला एक मजुरी बुडते, पुन्हा जायला दुसरी.

मूल आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्याकडे जावं, हे या जिल्ह्याला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरली आणि अंगणवाडी झाली. गुरांमागे रानात जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाला त्याच्या घरात, त्याच्या वस्तूंसोबत, त्याच्या भाषेत पाहायचं, हा या कामाचा पाया. मेंदूजन्य दृष्टिदोषाची तपासणी नेमकं हेच मागते.

आणखी एक योगायोग आहे. ० ते १८ वर्षांच्या मुलांच्या तपासणीची देशव्यापी योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच सुरू झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचं पथक गाडीने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं, ३० आजार-दोष बघतं. त्या यादीत दृष्टिदोष आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार आहे, आकडी आहे, हालचालीतला आणि बुद्धीतला उशीर आहे. मेंदूजन्य दृष्टिदोषाला स्वतंत्र ओळ नाही. पण तो जिथे लपतो त्या सगळ्या ओळी आहेत. आकडी, उशिरा मान धरणं आणि ‘जन्मताना रडलं नाही’ असे तीन शेरे एकाच बाळापुढे पडले, तर चौथा प्रश्न नजरेचा विचारायला हवा, एवढाच बदल. पुढची पायरी म्हणून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची रचनाही या कार्यक्रमात आहे, ज्यात बालरोगतज्ज्ञाच्या जोडीला नेत्रतपासनीस आणि विशेष शिक्षक धरलेले आहेत.

पथकाच्याही आधी दारात पोचते ती आशाताई. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिच्या ठरलेल्या फेऱ्या असतात, नंतर तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधराव्या महिन्याला पुन्हा. ती वजन करते, दूध नीट पितं का विचारते, लसीचं कार्ड बघते. तिसऱ्या महिन्याच्या फेरीत तिने बाळाला आईच्या मांडीवर ठेवायला सांगितलं, आईला न बोलता, बांगड्या न वाजवता हळूच एका बाजूला सरकायला सांगितलं, आणि बाळाचे डोळे मागोमाग जातात का ते पाहिलं, तर त्याला एक मिनिट लागतं. काही बाळांची नजर थोड्या उशिरा, पण आपोआप ठरते. उरलेल्यांची ठरत नाही, आणि त्यांना वेगळं काढायला तोच काळ असतो. तो हुकला तर पुढची संधी अंगणवाडीतल्या पथकाची. पथक येऊन गेलं तेव्हा बाळ आजारी म्हणून घरीच असेल, आणि वय असेल आठ महिने, तर गाडी पुन्हा त्या पाड्यावर येईतो ते चौदा महिन्यांचं झालेलं असतं.